कुंदा आठल्येचा विंटेज हॅलोवीन

कुंदा आठल्येने मला दिलेल्या पहिल्या आमंत्रणाला मसाल्याच्या चहाचा वास येत होता.

दोन हजार आठचा ऑक्टोबर होता. अबू धाबीच्या खलिफा सिटीत आमचं सहा व्हिलांचं कंपाउंड होतं आणि आठल्ये मंडळी आमच्या भिंतीला भिंत लावून नुकतीच राहायला आली होती. दारात कुंदा उभी होती आणि तिच्या हातात एक तपकिरी, कडा जळालेला कागद होता. आधी मला वाटलं घरात आग लागली आणि ही काही कागदपत्रं वाचवून आलीये. पण ते आमंत्रण होतं. तिने भारी हातकागद आणून कडक चहात रात्रभर भिजवला होता, वाळवून गॅसवर त्याच्या कडा जाळल्या होत्या, म्हणजे तो शंभर वर्षांचा दिसावा. साधा चहा संपला म्हणून मिरजेहून आणलेला मसाल्याचा वापरला होता, एवढंच. वेलची आणि सुंठ स्पष्ट कळत होती.

शुक्रवारी हॅलोवीन आहे, असं तिने सांगितलं. पण ते प्लास्टिकचे सांगाडे वगैरे आपल्याकडे नाहीत, आपला विंटेज. मी हो म्हटलं. शेजारणीला पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणणार? शिवाय विंटेज म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या माहितीत वस्तू दोन प्रकारच्या, चालू आणि बंद.

कुंदाने मला त्याच भेटीत फरक समजावून दिला होता. रेट्रो म्हणजे आपल्या आईवडिलांचं, विंटेज म्हणजे आजीआजोबांचं. बेलबॉटम रेट्रो, लेसची झालर विंटेज. आणि जे आपण आज दुकानातून आणतो त्याला काही नाव नाही, ते फक्त बाजारी.

कुंदा हे नाव पलीकडच्या पामेलाला उच्चारता येईना. पामेला म्हणजे आमच्या कंपाउंडमधल्या ब्रिटिश बाई, नवरा तेलकंपनीत. तिने दुसऱ्याच दिवशी कुंदाचं कँडी करून टाकलं. दुसरी कोणी असती तर हसून सोडून दिलं असतं. कुंदाने महिन्याभरात आम्हालाही तेच नाव वापरायला लावलं. ईमेल कँडी, दारावरची पाटी कँडी. मी मात्र कुंदाच म्हणत राहिले आणि ती दर वेळी किंचित उशिराने ओ देत राहिली. गाव विचारलं की ती 'पुणे साइड' सांगायची. या साइडमध्ये मिरजेपर्यंतचे सव्वादोनशे किलोमीटर सहज मावत.

तिच्या तोंडी एक शब्द कायम असे, कॅरेक्टर. टवका उडालेली बशी, गंजलेलं कुलूप, एक पाय आखूड असलेलं स्टूल, सगळ्याला कॅरेक्टर होतं. एकदा तिने मला टवका उडालेल्या कपात कॉफी दिली आणि म्हणाली, बघ, याला कॅरेक्टर आहे. मी म्हटलं, आमच्याकडे अशा कपात ब्रश ठेवतात. तिला ते विशेष आवडलं नाही.

यातली खरी गंमत तिच्या नवऱ्याने, शिरीषने, मला सांगितली. तो साधा, कमी बोलणारा सिव्हिल इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मिरजेचं घर नवं केलं, तेव्हा कुंदाने घरातली तांब्यापितळेची भांडी, पत्र्याच्या ट्रंका, स्टोव्ह, शिरीषच्या वडिलांचा लाकडी पेटीतला रेडिओ हे सगळं भंगारवाल्याला किलोवर दिलं होतं. आता त्याच जातीच्या वस्तू ती दुबईच्या एका अँटिकवाल्याच्या गोडाउनमधून दिरहम मोजून आणत होती. शिरीष हे हसत हसत सांगत होता, पण गाडीतून ट्रंक उतरवताना त्याला घाम फुटला होता.

त्या पहिल्या पार्टीत व्हरांड्याच्या मधोमध एक मोठी पितळी घागर ठेवलेली होती. चेटकिणीची कढई म्हणून. किंमत नऊशे दिरहम, म्हणजे आपले अकरा-बारा हजार, हे तिने येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने गुणाकार करून सांगितलं. आत कसला तरी बर्फ टाकला होता, त्याचा पांढरा धूर काठावरून खाली ओघळत होता. कुंदा काळ्या लेसच्या झग्यात, शिरीष बेलबॉटममध्ये, आणि त्यांची नऊ वर्षांची रिया जुन्या हॉस्पिटलातल्या नर्सच्या वेशात, कपाळावर पट्टी. दिसत होतं मात्र छान. ते कबूल करायला हवं.

पामेला घागरीजवळ वाकली आणि काठावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत तिने विचारलं, हे काय लिहिलंय? मीही वाकून पाहिलं. लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. शकुंतला हिस मामांकडून सप्रेम'.

कुंदा क्षणभरही अडखळली नाही. आवाज खाली आणून तिने सांगितलं की तो एक प्राचीन शाप आहे, संस्कृतमध्ये, आणि त्याचं भाषांतर न केलेलंच बरं. पामेलाने हात मागे घेतला. बाकीच्या बायका जवळ आल्या. शिरीष सोडला तर ते वाचू शकणाऱ्या तिथे आम्ही दोघीच होतो. कुंदाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी धुरात बघत राहिले. घरी आल्यावर मात्र नवऱ्याला सांगताना मला हसून हसून ठसका लागला.

आमच्याकडे ती एक सवयच पडून गेली. जेवताना कुंदाचा विषय निघायचाच.

मग मंदी आली. फेब्रुवारी-मार्चपर्यंत कंपाउंडमधल्या दोन व्हिलांचे पडदे उतरले. कोपऱ्यावरच्या घरातली मंडळी एका सकाळी नव्हतीच. गाडी म्हणे विमानतळावर सोडून गेली. शिरीषची कंपनी समुद्रात भर घालून करायच्या एका बेटाचे नकाशे काढत होती. बेट नकाशातच राहिलं. मे महिन्यात त्याला बिनपगारी रजेवर घातलं. व्हिसा चालू, पगार बंद, काम आलं की बोलावू, इन्शाल्ला. तेव्हा बऱ्याच कंपन्या असंच करत होत्या. घरभाड्याचे जानेवारीपर्यंतचे चेक आधीच वटलेले, म्हणून तोवर छप्पर होतं.

कुंदाने हे कुणालाही सांगितलं नाही. तिने फक्त नावं बदलली. शिरीष घरी असतो, कारण तो वर्क फ्रॉम होम करतो. हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कंपनीची गाडी गेली, तर ती म्हणाली, चालायला हवं, सगळं युरोप चालतं. एसी दिवसभर बंद, कारण ती हवा नॅचरल नसते. जुलैत, अबू धाबीत. रियाला ब्रिटिश शाळेतून काढून माझ्या शाळेत घातलं, कारण मुलांनी रूट्सशी कनेक्ट व्हायला हवं. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या नोकरीच्या रकान्यात 'ऑन लीव्ह' लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हणजे मला माहीत होतं. माझ्यामुळे माझ्या नवऱ्याला माहीत होतं, आणि ड्रायव्हर, वॉचमन, कामवाल्या यांच्यामुळे सगळ्या कंपाउंडला. आम्ही तिला काही बोललो नाही. उलट रात्री जेवताना पैजा लावायचो की आता पुढे ती कशाला काय नाव देईल. वॉशिंग मशीन बिघडलं तेव्हा मी म्हटलं होतं, बघ, हाताने धुण्याला काहीतरी फ्रेंच नाव निघेल. निघालं नाही, पण 'ऑरगॅनिक' निघालं.

सप्टेंबरात तिचे सासरे आले. आप्पा आठल्ये, निवृत्त पोस्टमास्तर, वय शहात्तर. शिरीषने त्यांना फोनवर सगळं खरं सांगितलं होतं, आणि मुलाचा वाईट काळ आहे तर जवळ असावं म्हणून ते आपणहून आले होते. मिरजेत ते रोज घालत तेच कपडे त्यांनी आणले होते. पांढरं धोतर, काळा कोट, काळी टोपी. विमानातही तसेच आले.

कुंदाने त्यांना दुसऱ्या दिवशी ट्रॅकपँट आणि टीशर्ट आणून दिला. आप्पा, इथे मॉलमध्ये धोतर बरं दिसत नाही, लोक बघतात. आप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी टीशर्ट नीट ट्रॅकपँटमध्ये खोचला, वर टोपी घातली आणि संध्याकाळी कंपाउंडला फेऱ्या मारायला लागले. मी भेटले की थांबत. 'बाळ, तुमच्या शाळेत अक्षराला मार्क देतात का अजून?' एवढाच त्यांचा नेहमीचा प्रश्न असे. नाही म्हटलं की मान हलवून पुढे जात.

त्या वर्षी हॅलोवीन होणार नाही असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. पण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दारात कागद आलाच. या वेळी हातकागद नव्हता, रियाच्या वहीची पानं होती, पण चहा होता आणि कडाही जाळलेल्या होत्या. खाली लिहिलं होतं, नव्याने काहीही विकत आणू नये, घरातलं जुनं घालून यावं, सर्वोत्तम अस्सल वेशाला बक्षीस. लोकांना ते फार आवडलं. त्या वर्षी विकत आणायची ऐपत बऱ्याच जणांची नव्हती.

आणि मला आजही म्हणावंसं वाटतं की तो हॅलोवीन पहिल्यापेक्षा चांगला होता. या वेळी घागरीत धूर नव्हता. तिने जुन्या वर्तमानपत्रांची वटवाघळं कापून दोऱ्याला लावली होती, स्वतःच्या काळ्या साडीचा पडदा केला होता, लोणच्याच्या बरण्यांत मेणबत्त्या ठेवल्या होत्या. एकच मोठा लाल भोपळा होता, आतून कोरून दिवा लावलेला. पामेला तिच्या आजीच्या कोटात आली होती, डोक्यावर कुरळा टोप.

दुपारीच कुंदाने आप्पांना सांगितलं होतं की आज पाहुणे आहेत, तुम्ही आतल्या खोलीत आराम करा, जेवण तिथेच देते. आप्पांनी ऐकलं. पण पोस्टमास्तरकीतल्या माणसाचा समज असा की घरी पाहुणे आले तर घरातल्या मोठ्याने सामोरं जायला हवं. मी दारापाशीच बसले होते म्हणून मला सगळं दिसलं. सातच्या सुमाराला आतली कडी वाजली आणि आप्पा बाहेर आले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा काळा कोट, टोपी, खांद्यावर उपरणं, दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि भिंतीजवळच्या खुर्चीत ताठ बसले.

मग पामेला टाळ्या वाजवायला लागली. तिच्या मागून सगळे. कुणीतरी कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली, कुणी चष्म्याच्या दोऱ्याचा फोटो काढला. पामेला परीक्षक होती. तिने जागच्या जागी निकाल जाहीर केला की स्पर्धा संपली, इतका अस्सल वेश तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तिने आप्पांच्या कोटावर कागदाचं नारिंगी फूल टाचलं.

मी कुंदाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती होती. मग ती हसली आणि पामेलाला इंग्रजीत म्हणाली, 'हे सगळं जमवायला मला कित्येक आठवडे लागले.'

आप्पांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि हे कशाबद्दल म्हणून विचारलं. काय सांगणार? मी सांगितलं की इथे अशी पद्धत आहे, या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांचा सत्कार करतात. आप्पांना ते पटलं. सत्काराला उत्तर द्यायला हवं म्हणून ते उठले.

ते इंग्रजीत बोलले. जुन्या सरकारी पत्रांसारखं नेमकं, एकही शब्द इकडचा तिकडे न होणारं इंग्रजी. लोकांना वाटलं हाही वेशाचाच भाग. आधी त्यांनी सर्वांचे आभार मानले. म्हाताऱ्यांना आमच्याकडे बक्षिसं देत नाहीत, औषधं देतात, असं म्हणाले, तेव्हा मोठा हशा झाला. मग ते म्हणाले, 'माझ्या मुलाला पाच महिने पगार नाही. मी नोकरीत असताना असं पाहिलंय की माणसाची खुर्ची गेली की त्याच्या दारची वर्दळ थांबते. तुम्ही मात्र आज सगळे आलात. मी मिरजेला जाऊन सांगेन की माझा मुलगा चांगल्या लोकांत आहे.'

आणि हात जोडून खाली बसले.

घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही हे त्यांना सांगायचं सगळ्यांकडूनच राहून गेलं होतं.

कुणी हसलं नाही. शिरीष दोऱ्यावरच्या वटवाघळांकडे बघत होता. पाचसात माणसं, आजीच्या कोटात, आजोबांच्या टोपीत, हातात सरबताचे ग्लास घेऊन उभी होती आणि कुणाला कुठे बघावं कळत नव्हतं. मग पामेलाने डोक्यावरचा कुरळा टोप काढला, आप्पांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि त्यांना हळू आवाजात सांगितलं की तिच्या नवऱ्याचीही नोकरी ऑगस्टमध्येच गेली. आप्पांनी तिच्या हातावर हात ठेवला. तिच्या नवऱ्याने मान वळवली. त्यांचं मात्र आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पामेला कुंदापेक्षा सराईत निघाली.

कुंदा व्हरांड्यात नव्हती. ती स्वयंपाकघरात होती. भोपळा कोरताना निघालेला गर तिने वाया जाऊ दिला नव्हता. तो किसून, गूळ घालून शिजवलेला होता आणि आता ती त्यात कणीक घालून घारग्यांचं पीठ मळत होती. काळ्या लेसच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. मी दारात उभी राहिले. तिने वर पाहिलं नाही.

'सगळ्यांना माहीत होतं?' तिने विचारलं.

'हो.'

'कधीपासून?'

'जूनपासून.'

ती बराच वेळ मळत राहिली. पीठ केव्हाच मळून झालं होतं.

'मग कुणी एकदाही विचारलं कसं नाहीत गं, अलका?'

तुझं काय चाललंय यापेक्षा तू त्याला काय म्हणतेस यात आम्हाला मजा येत होती, हे खरं उत्तर होतं, आणि मला वाटतं ते तिला माझ्या तोंडावरच वाचता आलं. तिने पोळपाट माझ्याकडे सरकवला. मी घारगे थापले, तिने तळले.

मग ती ताट घेऊन बाहेर गेली आणि पामेलासमोर धरलं. पामेलाने हे काय म्हणून विचारलं. कुंदाचे डोळे अजून लाल होते, पण मान सरळ होती. 'विंटेज रेसिपी,' ती म्हणाली. 'दोनशे वर्षं जुनी.' पामेलाने तीन खाल्ले.

जानेवारीत त्यांनी घर सोडलं. शिरीषला रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात प्लॅनिंगचं काम मिळालं, निम्म्या पगारावर. आप्पा मिरजेला परतले. जाण्याआधी कुंदाने व्हरांड्यात वस्तू मांडून विकल्या आणि मला सांगितलं की हल्ली तिला पसारा नकोसा झालाय. घागर पामेलाने घेतली. तीही मार्चमध्ये मायदेशी गेली. शकुंतलेच्या मामांची भेट आता इंग्लंडात कुठल्या तरी फायरप्लेसपाशी शाप म्हणून बसलेली असेल.

दोन वर्षांनी आमच्या शाळेची क्विझची टीम घेऊन मी रास अल खैमाला गेले, तेव्हा एक दुपार मोकळी मिळाली. ऑक्टोबर संपत आला होता. फोन केला तर कुंदा म्हणाली, घरी नाहीये, कारखान्याच्या फॅमिली क्वार्टर्सच्या हॉलमध्ये ये, आणि फोन ठेवला.

हॉल म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड होती, टाइल्सच्या पांढऱ्या धुळीने भरलेली. क्वार्टर्समधल्या मुलांसाठी हॅलोवीन चालला होता. टाइल्सचे पुठ्ठे कापून कंदील केले होते, आत तेलकट कागद. कारखान्यातली सिंधुदुर्गाकडची चार माणसं शिडीवर चढून ते दोरीला बांधत होती. त्यांतले गावडे म्हणून एक जण मुंजा आणि देवचार यांत फरक काय तो खाली उभ्या असलेल्या एका केरळी पोराला हिंदीतून समजावत होते. पोरगं फक्त 'ओके अंकल' म्हणत होतं. मध्यभागी, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर उभी राहून, कमरेला ओढणी खोचून कुंदा सगळ्यांवर ओरडत होती. वाळली होती. केसांत धूळ होती.

तिने मला पाहिलं. कशी आहेस नाही, कधी आलीस नाही. दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

'धर. घट्ट धर, आणि हलू नकोस.'

मी धरलं. ती खुर्चीवरून उतरली, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, वाकडं आहे.

'वहिनी, सरळ हा ओ,' गावडे वरून म्हणाले.

मलाही सरळच दिसत होतं. तसं मी म्हटलंही. कुंदाने आमच्या दोघांकडेही लक्ष दिलं नाही. डावीकडचा खिळा चार बोटं खाली घ्यायला लावला. गावडे पुटपुटत शिडीवर एक पायरी खाली उतरले, खिळा उपटला, पुन्हा ठोकला. मग तिने मला दोरी त्या केरळी पोराच्या हातात देऊन तिच्याजवळ यायला सांगितलं. मी गेले आणि तिथून पाहिलं. कंदिलांची रांग आता भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेषेत गेली होती.

आधी ती वाकडीच होती.